कडकडीत सोमवार

माझे वडील शपथ मोडून मेले, असे आमच्या गावात अजून सांगतात. गेल्या वर्षी एका लग्नात माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या एका अनोळखी बाईनेही मला ते सांगितले. मी कोणाची कोण हे तिला ठाऊक नव्हते. "त्या घरातला एक जन होता," ती म्हणाली, "बेलभंडार उचलून दुसऱ्याच दिवशी देवळातच दारू पेला. देवानं तथीच ठेवला त्याले." मी घास खाली ठेवला. तिला काही बोलले नाही. मी आयुष्यभर कमी बोलले, आणि ज्या दिवशी बोलायला हवे होते त्या दिवशी तर फारच कमी बोलले. म्हणून आता लिहिते.

बाबा मलकापूरला कापसाच्या एका जिनमध्ये मुकादम होते. रेल्वेच्या फाटकापलीकडे जिनच्या मागच्या भिंतीला लागून खोल्यांची एक ओळ होती, तिच्यातल्या शेवटच्या खोलीत आम्ही राहत असू. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते आणि आमच्या शाळेच्या पुस्तकांवर त्या दोन्ही नावांचा शिक्का असे. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्यांची रांग फाटकापर्यंत लागे. पहाटे भोंगा होई, आणि मग दिवसभर सरकी काढणाऱ्या रेच्यांचा तो आवाज, एकसारखा, जमिनीतून पायांत येणारा. हंगाम संपून रेचे थांबले की आम्हाला कानात दडे बसल्यासारखे वाटे. हवेत कापसाची बारीक तूस असे. ते भाकरीवर बसे, पाण्यावर तरंगे, मायच्या केसांवर साठे. माय परातीवर फडके टाकून पीठ मळी, तरी एखादा धागा दाताखाली येईच.

दारूची सुरुवात त्या तुसापासून झाली. जिनमध्ये काम करणाऱ्यांचा पक्का समज होता की संध्याकाळी घोटभर मोहाची घेतली की घशात बसलेला कापूस खाली उतरतो. हा समज नुसता मजुरांचा नव्हता, वरच्या लोकांचाही होता. नव्या माणसाला खोकला लागला की तेच सांगत, "जा, घसा धुऊन ये." सरकारी दुकान फाटकाजवळच होते. दरसाल त्याचा लिलाव व्हायचा आणि लिलाव घेणारा माणूस गावातल्या प्रत्येक उत्सवात पहिल्या रांगेत बसायचा. घसा धुवायला गूळपाणीही चालले असते. ते कोणी सांगितले नाही.

माझ्या अगदी लहानपणचे बाबा मला आठवतात ते जेवताना. चार भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चे तेल आणि ठेचा. खाऊन झाले की ताटात पाणी घालून ते पाणी पीत, म्हणजे भाजीचा कणसुद्धा वाया जात नसे. कापसाचे बोंदरे, म्हणजे भरलेले मोठे पोते, एका खांद्यावर घेऊन ते फळीवरून चालत तेव्हा फळी वाके, बाबा वाकत नसत. मी तिसरीत गेले तेव्हा चार भाकरींच्या तीन झाल्या होत्या. सहावीत असताना ते एका भाकरीचे तुकडे करून ताटात इकडून तिकडे सरकवत. "मास्तरीणबाई," मला म्हणत, "हा तुकडा तुमीच घ्या. मले भूकच नाही." मी पुस्तक वाचत जेवते म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणत. भूक त्यांना खरेच नसे. दारूने पोट भरल्यासारखे वाटते, अंगात ऊबही येते, पण ती कडब्याच्या जाळासारखी. भडकतो आणि विझतो, चुलीत निखारा राहत नाही.

त्यांचे दंड गेले, पिंढऱ्या गेल्या, आणि पोट मात्र पुढे आले. हे आठवले की मला आजही संताप येतो, कारण सगळ्यांनी ते पोट पाहिले आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ उलटा लावला. गावाहून कोणी आला की बाबांच्या पोटावर थाप मारून म्हणे, "किसनराव, मलकापूरचं पानी मानवलं बाप्पा तुमाले!" बाबा हसत. मायसुद्धा हसे, पाहुण्यासमोर. त्या पोटाखाली यकृत चरबीने भरून कडक होत चालले आहे, रात्री पायांत गोळे येतात, जरा धक्का लागला की कातडीवर काळेनिळे उमटते, ही सगळी एकाच गोष्टीची लक्षणे आहेत, हे आमच्यापैकी कोणाला कळणार होते? सकाळी त्यांचे हात थरथरत. चहाची बशी ते दोन्ही हातांनी धरत आणि तरी काठावरून चहा सांडे. पहिला घोट पोटात गेला की हात थांबत. त्यावरून लोकांनी काढलेला अर्थ असा की दारू त्यांना मानवते.

मी सातवीत गेले त्या वर्षी हंगामाच्या ऐन मध्यात गावाहून मोठे बाबा आले. हे वडिलांचे थोरले भाऊ. अमडापूरच्या अलीकडे आमचे गाव, तिथली शेती तेच पाहत. उंच, कोरडे, शब्दाला पक्के. भावावर त्यांची माया होती, हे मी नाकारत नाही. त्यांनी बाबांना समोर बसवले. "किसन्या, तुई पोट्टी सातवीत गेली. तिले पाहाले येतील लोकं. काय सांगू मी त्याइले? बाप कुठी पडला असंन ते पाहून येतो म्हनू?"

बाबा खाली मान घालून बसले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीला टेकून पुस्तक उघडे धरून बसले होते आणि एकही ओळ वाचत नव्हते.

"सोडतो," ते म्हणाले.

"असं नाही. बेलभंडार उचलतो का?"

"हाव, उचलतो."

आमच्याकडे ही शपथ सर्वांत मोठी. महादेवाच्या पिंडीवरचे बेलाचे पान आणि हळदीचा भंडारा तळहातावर घेऊन शब्द द्यायचा. आमच्या घराण्याची रीत अशी की रविवारी सूर्य मावळताना शब्द द्यायचा, सोमवारचा पूर्ण दिवस देवळात बसून कडकडीत उपास करायचा, अन्नाचा कण नाही, गोड नाही, फळ नाही, फक्त पिंडीवरचे तीर्थ. मंगळवारी सकाळी गोवऱ्यांच्या धगधगत्या हारावर कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची, आणि भाऊबंदांच्या पंगतीत पहिला घास शपथ घेणाऱ्याने खायचा. निरोगी माणसाला यात काहीच कठीण नाही. माझी माय वर्षात असे कितीतरी उपास करी आणि वर दळण दळी. म्हणूनच कोणाच्या मनात शंका आली नाही. उपासाने कोणी मरतो का?

रविवारी पहाटे आम्ही निघालो. निघण्याआधी बाबा जिनमध्ये सगळ्यांचा निरोप घ्यायला गेले. सोडणार म्हणून सोबत्यांनी त्यांना शेवटची पाजली, आणि एकट्याने पाजली नाही, प्रत्येकाने. आदल्या रात्री ते जेवले नव्हते, त्या सकाळीही जेवले नाहीत. मोटारीत आमच्याबरोबर रहीमचाचा होते. ते जिनमध्ये फिटर होते, त्यांची बहीण अमडापूरला दिलेली, तिच्याकडे चालले होते. दारूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. बाबांना त्यांच्या खांद्यावर झोप लागली. चाचांनी तासन्‌तास खांदा हलवला नाही.

देऊळ गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला. सूर्य टेकताना बाबांनी आंघोळ करून ओल्या धोतराने तळहात पुढे केला. भंडारा सांडू नये म्हणून मोठ्या बाबांनी त्यांचा हात खालून आपल्या हाताने धरला होता. शब्द त्यांनी स्पष्ट उच्चारले. नंतर ते मंडपाच्या खांबाला टेकून बसले आणि मला म्हणाले, "मास्तरीणबाई, वाचा आता." मी शाळेत शिकलेली म्हणून पोथी वाचायचे काम माझ्याकडे आले होते. हे महत्त्वाचे आहे, म्हणून नीट सांगते. रविवारच्या संध्याकाळपासून सोमवारच्या संध्याकाळपर्यंत मी त्या मंडपात होते. माय आणि मी आळीपाळीने झोपलो, एकीची तरी नजर त्यांच्यावर होतीच. बाबा दोनदा ओढ्याच्या कडेला गेले, दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांसमोर. त्यांनी तीर्थाखेरीज काहीही तोंडाला लावले नाही.

सोमवारी सकाळी ते बरे होते. हात थरथरत होते, पण ते रोजचेच. उन्हे वर आली तसा त्यांना घाम फुटू लागला. माघ महिना, मंडपात गारवा, आणि त्यांची बंडी पाठीला चिकटलेली. मी विचारले, बाबा, काय होते? म्हणाले, "काही नाही वं. पोटात कसं तरी पोकळ लागते." थोड्या वेळाने माझे नाव घेऊन म्हणाले, "शेवंते, काही गोड हाये का?" मी म्हटले, उद्या रोडग्यांबरोबर. ते लाजले. चोरी करताना सापडल्यासारखे लाजले आणि म्हणाले, "हाव हाव. उद्या."

दुपारी त्यांची जीभ जड झाली. मला मायच्या नावाने हाक मारली. मग उठून उभे राहिले आणि रेच्याचा पट्टा घसरला म्हणून ओरडू लागले, खांबाला धरून पट्टा ओढल्यासारखे हात करू लागले. दोन पावले टाकली आणि नंदीवर आदळले. आवाज ऐकून उद्याच्या पंगतीच्या तयारीला आलेली भाऊबंद माणसे धावत आली, त्यांच्यात मोठे बाबा. त्यांनी एकदा पाहिले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"पेला बे हा!"

"नाही मोठे बाबा," मी म्हटले, "मी इथंच आहे कालपासून."

"तू पोथीत डोकं घालून बसली असशीन. तुले काय समजते?"

एकजण म्हणाला, ओढ्यावर बाटली ठेवली असेल. चौघे जण ओढ्यावर गेले, करंजाची झुडपे हलवली, देवळामागची दगडांची रास उपसली. काही मिळाले नाही. "पाहा, किती पक्का हाये," तो माणूस परत येऊन म्हणाला, "मागमूसही ठेवला नाही." बाटली सापडली असती तर तो पुरावा झाला असता, सापडली नाही तर तोही पुरावाच झाला. इतक्या माणसांत एकाने, एका माणसाने, खाली वाकून माझ्या बाबांच्या तोंडाचा वास घेतला नाही. मी घेतला होता. उपाशी तोंडाचा, पित्ताचा वास होता, मोहाचा नव्हता. मोहाचा वास मला ओळखू येत नसता का? मी त्याच वासात वाढले होते.

रहीमचाचा तेवढ्यात बहिणीकडून मित्राला पाहायला आले. ते देवळाच्या पायरीखाली उभे राहिले आणि तिथूनच बाबांकडे बघत राहिले.

"बडे भाई," ते मोठ्या बाबांना म्हणाले, "ये पिया हुआ नहीं है. पसीना देखो इसका. जिन में ऐसे दो देखे मैंने, पीनेवाले, बुखार में खाना छूट गया था उनका. पहले गुड का पानी पिलाओ. गाली बाद में देना."

"उपास हाये त्याचा."

"अरे, रोजा भी बीमार का छूटता है. तुम्हारा महादेव इतना सख्त है क्या?"

"तुमी जिनवाल्यायनंच बिघडवला त्याले," मोठे बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "आन आता शपथ मोडाले आले? पायरी चढू नोका."

चाचा पायरी चढले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बेटी, गुड है न वहाँ? दे दे."

गूळ होता. उद्याच्या पंगतीसाठी आणलेली ढेप गाभाऱ्याच्या दाराशी फडक्यात बांधून ठेवली होती. मी गेले, गाठ सोडली, बोटभर खडा फोडला. तो माझ्या हातात होता. बाबा माझ्यापासून चार पावलांवर पडले होते, त्यांचे डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांना खडा दिसत होता, अशी माझी आजही खात्री आहे. आणि मी काय केले? मी बाबांकडे गेले नाही. मी मोठ्या बाबांकडे गेले आणि विचारले, "देऊ का?"

मी आज्ञाधारक मुलगी होते. शाळेत चांगल्या वागणुकीबद्दल माझे नाव घेतले जाई.

मोठ्या बाबांनी खडा माझ्या हातातून काढून घेतला. "नवसाचा हाये," ते म्हणाले, "उतरंन त्याची सांजेपर्यंत. पडू द्या." मायने पदराआडून हुंदका दिला. जेठासमोर तिला बोलता येत नव्हते. माणसांनी बाबांना खांबाशी नीट बसवले आणि कलंडू नयेत म्हणून छातीभोवती उपरणे बांधले. दिवेलागणीच्या जरा आधी त्यांना झटके आले. अंग ताठ झाले, दात बसले. तेव्हा कुठे मोठे बाबा ओरडले, पाणी आणा, गूळ आणा. कोणीतरी गुळाचे पाणी ओठांशी लावले. ते हनुवटीवरून खाली आले आणि उपरण्यात मुरले.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, बुलढाण्याला मी शिक्षिका असताना, शेजारच्या बाईचा नवरा असाच बरळू लागला. पिणारा माणूस, तीन दिवस पोटदुखीने उपाशी. तिच्याबरोबर मी त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेले. दारावरचा शिपाई म्हणाला, "झिंगलेल्याले काऊन आनलं इथं?" पण आतली डॉक्टरीणबाई तरुण होती आणि वाकून बघणारी होती. तिने वास घेतला. मग शिरेत साखरेचे पाणी भरलेली सुई टोचली. मी उभी होते तिथे, पुरती पाच मिनिटेही झाली नसतील, तो माणूस डोळे उघडून म्हणाला, "माझी चप्पल कुठी हाये?" त्याची बायको हसली आणि रडली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन कठड्याला धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना विचारायला गेले. त्यांनी मला एखाद्या विद्यार्थिनीला सांगावे तसे सांगितले. आपण जेवतो त्यातली काही साखर यकृत आपल्या कोठारात ठेवते, आणि आपण उपाशी असलो की थोडी थोडी बाहेर सोडते. मेंदू त्या साखरेवर चालतो. कोठार संपले तर यकृत नवी साखर तयारही करते. पण पिणाऱ्याच्या शरीरात दारू आली की यकृत बाकीची सगळी कामे टाकून आधी दारू जाळत बसते. वर्षानुवर्षे असे झाले की चरबी जळायची राहते आणि यकृतातच साचते, अंगावरचे मांस झडते, जेवण नसल्यामुळे कोठार भरत नाही आणि नवी साखर करण्याचे कसबही मंदावते. असा माणूस एकदम उपाशी राहिला की रक्तातली साखर तळाला जाते. मग घाम, कंप, बरळणे, तोल जाणे. "अगदी प्यायल्यासारखा दिसतो," त्या म्हणाल्या. "त्यात इतक्या वर्षांची दारू एकाएकी तोडली की वेगळे झटके येतात. अशा माणसाला सोडायला लावायची तर खाऊपिऊ घालून, नजरेखाली सोडवावी लागते. तुम्ही कोणाबद्दल विचारता आहात?"

मी म्हटले, सहज.

बाबांना दारूने आतून पोखरले होते, हे मी कधी लपवले नाही. त्या दुकानाचा लिलाव करणारे सरकार, घसा धुऊन ये म्हणणारे वरचे लोक, शेवटची म्हणून पाजणारे सोबती, यांच्यावरचा माझा राग जुना आहे आणि तो आता माझ्याबरोबरच जाईल. पण जो माणूस सोमवारी मेला तो दारू पिऊन मेला नाही. तो दिलेला शब्द पाळताना मेला, आणि त्याला शब्द मोडणारा ठरवून सगळे घरी गेले. मंगळवारी रोडगे झाले नाहीत. नवस फळला नाही, असे ठरले.

दोन-अडीच महिन्यांनी आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे हा पितरांचा दिवस. गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, आमरस-पुरणपोळीचे पान वाढतात आणि ज्याला जे आवडे ते पानाशेजारी ठेवतात. बाबांची ती पहिलीच घागर. माय पान वाढत होती. मोठे बाबा बाहेरून आले, सदऱ्यातून एक लहान बाटली काढली आणि वाटीत ओतून पानाजवळ ठेवली. मोहाचा वास घरभर झाला. त्यांनी ते वाईट मनाने केले नव्हते. त्यांचे डोळे भरलेले होते. "त्याले आवडे," ते म्हणाले, "ठेवा लागते."

मी वाटी उचलली, अंगणात गेले आणि मातीत पालथी केली. परत येऊन रिकामी वाटी त्यांच्यासमोर ठेवली.

"काऊन वं पोट्टे?" ते उठले. "बापाचा घास सांडवतेस?"

"बाबांनी सोडली होती," मी म्हटले. "तुम्ही हात धरला होता त्यांचा."

त्यांनी हात उगारला, आणि तो तसाच राहिला. मग ते खाली बसले. जमिनीकडे पाहत त्यांनी विचारले, "शेवंते, खरंच नव्हता पेला?"

"नाही."

"थेंबभरही नाही?"

"नाही, मोठे बाबा."

पान त्या दिवशी वाटीशिवाय ठेवले गेले. मोठे बाबा त्यानंतर वीस वर्षे जगले, गावात त्यांचा शब्द चाले, आणि त्या वीस वर्षांत चावडीवर कोणी किसन्या शपथ मोडून गेला असे म्हणाले की ते तंबाखू मळत गप्प बसत. त्यांना माहीत होते, आणि ते गप्प बसत. सोमवारच्या त्यांच्या चुकीची मी वाटेकरी आहे, तिच्याबद्दल मी त्यांना बोल लावू शकत नाही. या गप्प बसण्याबद्दल मात्र मी त्यांना माफ केलेले नाही, आणि लग्नातल्या त्या बाईसमोर मी स्वतः गप्प बसले, त्याबद्दल मलाही नाही. माझ्या वडिलांचे नाव किसन. त्यांनी रविवारी सूर्य मावळताना दारू सोडली आणि जिवंत होते तोवर पुन्हा घेतली नाही.